कोऱ्या कागदावर अंगठा
परवा बँकेत स्टॅम्प पॅडच्या शाईचा वास आला आणि माझं डोकंच तापलं. एम.ए.ला होते तेव्हाची गोष्ट. सोलापुरातल्या विडी वळणाऱ्या बायकांना स्वतःची संस्था काढायची होती आणि त्यांच्या सभेत मी मदतीला गेले होते. पत्र्याच्या शेडमध्ये जीव नकोसा करणारा उकाडा आणि बायकांच्या पदरांना तंबाखूचा उग्र वास. सल्लागार म्हणून आलेला कडक इस्त्रीतला माणूस मला म्हणाला, "आधी अंगठे घ्या, संस्थेची घटना मागाहून टाइप करू." आणि देशाची घटना कुणाच्या अधिकाराने जन्मते यावर पानंच्या पानं लिहिणारी मी, मुकाट्याने पॅड आणि कागद घेऊन निघाले! पहिल्याच मावशीने अंगठा शाईत बुडवला, कागद पाहिला आणि हात तसाच वर धरला. "ह्यो तर कोरा हाय की!" सल्लागार हसला, "लिहिलेलं तुम्हाला वाचता येतंय होय?" "न्हाय येत. तुमी वाचून दावा की. संस्था आमची हाय, नियम बी आमीच ठरवणार." "मावशी, ते जाणकारांचं काम असतं," हे बोललं कोण, तर मी! माझ्याकडे रोखून बघत तिने अंगठा लुगड्याला पुसून टाकला. मग एकही बाई पुढे आली नाही. आता कॉलेजात घटनेचा हाच विषय शिकवताना मी दर वर्षी हा किस्सा सांगून त्या सल्लागारावर तोंडसुख घेते, पोरं टाळ्या वाजवतात. पॅड कुणाच्या हातात होतं, हे सांगायची हिंमत मात्र मला अजून झालेली नाही.