नुसतं धरणारी

मास्तराच्या बायकोला मास्तरीण म्हणतात, आणि शाळेत शिकवणाऱ्या बाईलाही मास्तरीणच म्हणतात. मिस्त्रीणबाईच्या बाबतीत मात्र लोकांनी पहिलाच अर्थ घट्ट धरून ठेवला. लग्न होऊन आली तेव्हापासून ती गॅरेजात इंजिनं उघडत होती, पण लोकांच्या लेखी ती नवऱ्याचा डबा घेऊन आलेली.

तिच्या उजव्या करंगळीचं नख लांब होतं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, हात ग्रीसमध्ये आणि नखाचे काय हे नखरे! ते नख सिलिंडरसाठी होतं. आतल्या भिंतीवर ओरखडा दिसला की त्यावरून नख आडवं फिरवायचं. सरळ गेलं तर घासून भागतं, अडकलं तर लायनर, म्हणजे आतली नळी, बदलायची. मिस्त्रीला नखं कुरतडायची सवय, म्हणून हे काम पहिल्यापासून तिचं. निकाल ती हळूच कानात सांगायची आणि मिस्त्री तो गिऱ्हाइकाला स्वतःचा म्हणून ऐकवायचा. संसारात एवढं चालायचंच, असं ती समजायची. पाणी मुरत होतं ते तिथेच.

मग मिस्त्रीचं उजवं अंग लुळं पडलं. डावा हात थरथरायचा, म्हणून ती त्याला घास भरवायची. जीभ तेवढी शाबूत राहिली.

गॅरेज दोघा भावांचं. धाकटा दीर येऊन म्हणाला, मिस्त्रीच उरला नाही तर गॅरेज कशाला, टायरवाल्याला देऊन टाकू. ती म्हणाली, मी आहे ना. दीर हसला. त्याच आठवड्यात एक म्हातारा ट्रॅक्टर धूर ओकत दारात येऊन बंद पडला. दिराने तोच मुहूर्त धरला: वहिनींनी हा चालू करून दाखवावा, मग दादा म्हणेल तसं.

तिने हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवलं. पिस्टनच्या पिनेची क्लिप निसटली होती, आणि सुटलेली पीन वरखाली होताना सिलिंडरची भिंत नांगरत राहिली होती. नख अडकलं. तिने जुना लायनर ओढून काढला आणि त्याची बैठक पुसून लख्ख केली. नव्या लायनरच्या रबरी रिंगांना साबणाचं पाणी लावलं आणि दोन्ही तळव्यांनी दाबत तो सरळ खाली उतरवला. इथे हातोड्याचं काम नाही. रबर कापलं गेलं की इंजिन गार ठेवणारं पाणी तेलात उतरतं. नव्या पिस्टनची क्लिप खाचेत बसली का, तेही तिने नखानेच पाहिलं. मिस्त्री दारातल्या खुर्चीवर बसून होता. त्याने एक शब्दही काढला नाही.

ट्रॅक्टर चालू झाला आणि धूर दिसेना. दिराचा चेहरा उतरला. ट्रॅक्टरवाला मात्र तिला ओलांडून थेट खुर्चीकडे गेला आणि त्याने हात जोडले. अंग गेलं तरी विद्या गेली नाही म्हणाला, बसल्या जागेवरून काम करवून घेतलंत. ती हात पुसत थांबली. आता तरी हा खरं बोलेल, अशी तिची खात्री होती.

"दादा, तूच सांग," दीर म्हणाला. "इतकी वर्षं इंजिनं कोण बांधायचं? वहिनींच्या भरवशावर ठेवायचं का गॅरेज?"

मिस्त्रीने ट्रॅक्टरवाल्याच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. ते त्याला सोडवेनात.

"मीच बांधायचो," तो म्हणाला. "ती नुसतं धरायची."

गॅरेज गेलं तर तोही उपाशी मरणार, हे त्याला कळत होतं. पण मोठेपणाची चटक पोटापेक्षा वाईट. दिराने किल्ल्या उचलल्या आणि तो टायरवाल्याकडे गेला. तिला रडू आलं नाही. तिला त्याची किळस आली.

घरी तिने रोजच्यासारखं जेवण वाढलं आणि ताट दोन्ही हातांनी त्याच्या हनुवटीशी आणलं. सवयीने त्याने तोंड उघडलं. घास येईना.

"अगं, भरव ना," तो म्हणाला.

"मी नुसतं धरते," ती म्हणाली, आणि ताट तसंच धरून बसली.