मी रजा मागणार होतो

"सर, ही रांग प्राध्यापकांची हाय. तुमी मागं बसा."

संस्थेच्या कार्यालयातला लिपिक माझ्या कानाशी वाकून हे म्हणाला. आवाज त्याने खालीच ठेवला होता, तरी आजूबाजूच्यांनी ऐकले. मी उठलो. माझ्या केसांहून काळ्या केसांची माणसे बसून राहिली आणि मी मागच्या रांगेत गेलो.

शेवगाव तालुक्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या महाविद्यालयात मी भूगोल शिकवतो. गावात मला सगळे प्राध्यापक म्हणतात. कागदावर मी सहयोगी प्राध्यापक आहे, म्हणजे एक पायरी खाली. त्या दिवशीचा सत्कार ती पायरी चढलेल्या माणसाचा होता. तो अध्यक्षांचा पुतण्या. एकेकाळचा माझा विद्यार्थी. नकाशावर दिशा दाखवायला मीच त्याला शिकवले.

आमच्या संस्थेत मानपत्राशिवाय सत्कार होत नाही आणि मानपत्र माझ्याशिवाय कोणी लिहीत नाही. पुतण्याचेही मीच लिहिले होते. ते वाचायला मला मागच्या रांगेतून व्यासपीठावर बोलावले. मी वाचले. टाळ्या झाल्या. मग अध्यक्षांनी माईक हातात घेतला.

"सरांच्या हाताला गुण हाय बरं का. सरांनी लिवलं की मानूस मोठा व्हतो. आता सरांचं कोन लिवनार, तेवढं बघावं लागंल!"

मंडप हसला. त्यांचे तेवढ्याने भागले नाही.

"न्हाई, पन खरं सांगा सर. आईबाप तुमचे आमच्याच कारखान्याला ऊस तोडायचे. कोयता गेला, खडू आला. आता आनखी किती वर चढायचं?"

मंडप पुन्हा हसला. व्यासपीठावर बसलेले प्राचार्यही हसले. मी त्यांच्याकडेच पाहत होतो.

या हसण्याबद्दल सांगितले पाहिजे. प्राचार्य माझा मित्र आहे. आम्हा दोघांचे आईबाप एकाच टोळीत ऊस तोडत. कारखान्याच्या कडेला उसाच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहत. त्याची कोपी आमच्या कोपीला लागून असे. निम्मे वर्ष शाळा, निम्मे वर्ष फड. पुढे वसतिगृहात एकाच घोंगडीत झोपलो. एकच पँट आलटूनपालटून घालून दोघांनी मुलाखती दिल्या. कोयत्याचा विनोद माझ्याइतकाच त्याच्याही आईबापांवर होता. आणि तो हसला.

आता कायद्याचे. नव्या नियमांप्रमाणे महाविद्यालयातल्या शिक्षकालाही प्राध्यापकपद मिळते. त्यासाठी जागा रिकामी असावी लागत नाही. शिक्षक पात्र झाला की संस्थेने विद्यापीठाकडून तज्ज्ञांची समिती मागवायची आणि मुलाखत घ्यायची. बस्स. पुतण्या पात्र झाला आणि समिती लगोलग आली. मी त्याच्या कितीतरी आधी पात्र झालो होतो. माझ्यासाठी कोणी समिती मागवलीच नाही.

मी पत्रे लिहिली. नियम आणि कलमे उद्धृत करून, शासन निर्णयांच्या प्रती जोडून, आदरपूर्वक. प्रत्येक पत्राच्या प्रतीवर आवक शिक्का पडला. उत्तर कधी आले नाही. मित्र म्हणायचा, "जरा दम धर गड्या. अध्यक्षांच्या कानावर घातलंय मी." मी दम धरला.

सत्कारानंतर काही आठवड्यांनी पूर्व आफ्रिकेतल्या एका विद्यापीठाचे पत्र आले. तिकडची जमीन आपल्यासारखीच. पाऊस थोडा, आणि पडेल तो वाहून जाणारा. वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना हिवरे बाजारला आणि राळेगणला नेऊन मी विहिरींच्या पातळ्या मोजल्या, त्यावर निबंध लिहिले. ते निबंध इथे कोणी उघडले नव्हते. तिकडे कोणीतरी वाचले होते. दोन वर्षांसाठी या, असे त्यांनी लिहिले होते. पहिल्याच ओळीत माझ्या नावाआधी प्राध्यापक हा शब्द होता. ती ओळ मी बायकोला मराठीत वाचून दाखवली. मग पुन्हा वाचून दाखवली.

"मंग जाऊ की," ती म्हणाली. "हितं तुमची पत्रं वाचतं कोन? शिपाई. त्यो बी शिक्का मारन्यापुरतं."

"परका मुलूख आहे. या वयात."

"तिथं मान्संच ऱ्हात्यात ना? बाजरी न्हाई मिळाली तर पीठ घिऊन जाऊ."

मी विचार केला. तिथे मान होता, काम होते, विचारणारे सहकारी होते. इथे निवृत्ती जवळ आली होती, आणि राजीनामा दिला तर प्राध्यापकपदावरचा माझा दावा तिथेच मेला असता. म्हणून मधला मार्ग काढला. विनावेतन रजा. नोकरी कायम, दावा जिवंत, आणि दोन वर्षे मोकळ्या हवेत. अर्ज करण्याआधी मी फक्त एका माणसाला सांगितले. मित्राच्या घरी गेलो. म्हणालो, "अर्ज देईपर्यंत कुणाला बोलू नकोस." त्याने मला मिठी मारली. "साहेब होऊन ये गड्या," म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मला ते खरे वाटले.

त्याच आठवड्यात त्याने मला कार्यालयात बोलावले. चहा मागवला. टेबलावर ना हरकत प्रमाणपत्र तयार होते, अध्यक्षांच्या सहीचे. माझी पदोन्नती वर्षानुवर्षे जागची हलली नाही, आणि न मागितलेली परवानगी आठवड्याच्या आत टाइप होऊन आली. तिच्याखाली आणखी एक कागद होता. माझा राजीनामा. नाव, हुद्दा, कारण, सगळे लिहिलेले. सहीची जागा तेवढी मोकळी.

"मी रजा मागणार होतो," मी म्हणालो. "हा राजीनामा आहे."

"तेच ते रे. अध्यक्ष म्हणाले, रजाबिजा नको. सरांना मोकळं करा."

"तू त्यांना सांगितलंस."

"तुझ्या भल्यासाठी. इथं तुझं काही व्हायचं न्हाई. समिती मागवायचं पत्र मीच दाबून ठेवलं होतं. वरून सांगनं होतं तसं. मला बी खुर्ची हाय की रे."

चहात साखर कमी आहे हे सांगावे, तितक्या सहज तो हे बोलला.

अध्यक्षांच्या अपमानाचे मला काही वाटत नाही असे नाही. पण तो माणूस आपला कधीच नव्हता. त्याने मारले ते समोरून. हा माझ्या घोंगडीतला माणूस. मी ज्याच्या भरवशावर दम धरला, तोच माझा दम घोटत बसला होता.

आणि तिथे, त्या खुर्चीत, मला माझी इतक्या वर्षांची वागणूक स्वच्छ दिसली. माझा प्रत्येक अर्ज, प्रत्येक कलम, प्रत्येक आदरपूर्वक विनंती मी अन्याय करणाऱ्यांच्याच टेबलावर ठेवत आलो होतो. आरोपीकडे फिर्याद नेत होतो आणि न्यायाची वाट पाहत होतो. विद्यापीठाची तक्रार निवारण समिती मला ठाऊक होती. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचा रस्ताही ठाऊक होता. गेलो नाही. कारण महाविद्यालयावर दावा म्हणजे प्राचार्यावर दावा, आणि प्राचार्य माझा मित्र. पत्रांतून कायदा मी जगाला शिकवत होतो आणि स्वतः नात्याने बांधला गेलो होतो.

मी राजीनाम्याचा कागद त्याच्याकडे सरकवला.

"सही होणार नाही."

"येडा का तू? तिथं तुला डोक्यावर घेतील. इथं कोन ओळखतं तुला?"

"तिथे मी माझ्या पायाने जाणार होतो. तुम्ही हाकलल्यामुळे जाणार नाही."

"मग मर इथंच," तो म्हणाला. उठताना मी चहा तसाच ठेवला.

त्या विद्यापीठाला मी नकार कळवला. त्यांनी सौजन्याने उत्तर दिले, आणि दुसरा माणूस नेमल्याचेही कळवले. घरी बायको माझ्याशी बोलेना. पासपोर्टच्या फोटोसाठी तिने शेवगावच्या बाजारातून नवे लुगडे आणले होते. बऱ्याच दिवसांनी बोलली ती एवढेच: "आता जितलं पायजे. न्हाईतर मी एकटीच जाईन आफ्रिकेला." ती हसली नाही. तिचे हे नुकसान मी केले आहे, आणि ते भरून येणारे नाही.

तक्रार निवारण समितीकडे अर्ज दाखल झाला आहे. तिथे काही झाले नाही तर खंडपीठ. दाखल करण्यापूर्वी नगरच्या वकिलांनी अर्जाचा मसुदा वाचून विचारले होते, "प्राचार्यांना वगळायचं का सर? जुने मित्र आहेत. पुढं साक्षीला उपयोगी पडतील."

"नाही," मी म्हणालो. "लिहा."

प्रतिवादी क्रमांक एक, संस्थेचे अध्यक्ष. प्रतिवादी क्रमांक दोन, महाविद्यालयाचे प्राचार्य. मागणी एकच: पात्रतेच्या दिनांकापासून प्राध्यापकपद. निकाल मी निवृत्त झाल्यावर लागेल, कदाचित मी नसताना लागेल. वारसांना दावा पुढे चालवता येतो, याची मी खात्री करून घेतली आहे. समेटाचे निरोप यायला सुरुवात झाली आहे. मी एकही स्वीकारलेला नाही. स्वीकारणार नाही.