खंडेनवमीला पास झालेल्या तोफा

चौथ्या तोफेचा आकडा मी वाचून दाखवला आणि रेंजचे प्रमुख आपटे साहेबांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली.

"फर्स्ट क्लास! म्हाताऱ्या अजून खणखणीत आहेत."

शेडमधले सगळे हसले. मला हसू आलं नाही. आकडा फारच चांगला होता, आणि तो माझ्या यंत्राने दिला होता.

एकाहत्तर सालचा पावसाळा सरत आला होता. युद्ध होणार हे सगळे धरून चालले होते. नगरबाहेरच्या माळावर आमची टेस्ट रेंज होती. मी तिथे ज्युनियर असिस्टंट होते, अजून प्रोबेशनवर. रेंजवर बाई मी एकटीच. विचारलं तरच बोलायचं, असं मी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं.

त्या तोफा दुसऱ्या महायुद्धातल्या, जड, विमानं पाडायच्या. बऱ्याच भंगारात गेल्या होत्या. उरलेल्यांपैकी चार आमच्याकडे आल्या होत्या. पास झाल्या की उत्तरेतल्या एका विमानतळाच्या रक्षणाला जाणार होत्या.

अशा तोफेचा गोळा सहसा थेट विमानाला लागत नाही. त्याच्या नाकात घड्याळासारखा फ्यूज असतो. लावलेली वेळ झाली की गोळा हवेत फुटतो आणि तुकडे विमानाला लागतात. पण गोळा वर पोचेपर्यंत विमान कुठल्या कुठे गेलेलं असतं. म्हणून प्रेडिक्टर नावाची एक पेटी विमान पुढे कुठे असेल त्याचं गणित करते. त्या पेटीला गोळा किती वेगाने नळीबाहेर पडतो ते आधी सांगावं लागतं. नळी झिजली की वेग कमी होतो. पेटीला वेग चुकीचा सांगितला तर गोळा अगदी व्यवस्थित फुटतो, फक्त तिथे विमान नसतं.

तो वेग मोजणं हे माझं काम. तोफेसमोर तारांची वेटोळी असलेल्या दोन चौकटी उभ्या करायच्या. गोळा पहिलीतून गेला की यंत्र सुरू, दुसरीतून गेला की बंद. बाकी भागाकार.

आदल्या आठवड्यात मी स्वतः त्या नळ्यांमधून पाहिलं होतं. गोळ्याला फिरकी देणारे आतले पीळ तोंडाशी गुळगुळीत झाले होते. अशी नळी नव्यासारखा वेग देऊच शकत नाही. म्हणजे माझं काहीतरी चुकलं होतं. मी चौकटींमधलं अंतर पुन्हा टेपने मोजलं. बरोबर होतं. यंत्र तपासलं. तेही बरोबर.

तेवढ्यात हवालदार शेळके आले. पारनेरकडचे, भरघोस मिशांचे. या चार तोफांच्या तुकडीचे प्रमुख. तोफांबरोबर उत्तरेला तेच जाणार होते.

"मिसबाई, टेप लावून काय बघताय? पास झाल्या की माझ्या पोरी!"

"एकदा खात्री करत होते," मी म्हणाले.

"उद्या वॅगन लागनार. आता खात्री तिकडं वैऱ्यालाच करू द्या."

ते हसत तोफांकडे निघाले. मी मागोमाग गेले. तोफांच्या तोंडांना झेंडूच्या माळा होत्या. त्या दिवशी खंडेनवमी होती. शस्त्रांची पूजा झाल्याशिवाय गोळा उडवायचा नाही, हा तिथला रिवाज. मी ख्रिस्ती घरातली, मिशनच्या शाळेत शिकलेली. पूजेच्या वेळी मी शेडमध्येच बसून राहिले होते.

पूजेच्या पाटासमोर एक न उडवलेला राउंड उभा होता. राउंड म्हणजे गोळा आणि दारू भरलेलं पितळी काडतूस, एकत्र. त्याला हळदकुंकवाची बोटं ओढली होती. हळद वाळून तडकली होती. मी पितळेवर हात ठेवला आणि लगेच काढला. चटका बसला.

"हे राउंड इथे केव्हापासून आहेत?"

"सकाळधरनं. सगळेच इथं मांडलेले. मोठे साहेब येनार हुते नारळ फोडायला, ते आले दुपारच्याला. मांडलेली पूजा काय मधीच उचलायची?"

आता मला कळलं, आणि कळलं नसतं तर बरं, असं वाटलं. काडतुसातली दारू तापली की जोरात जळते, गोळा जास्त वेगाने सुटतो. म्हणून दारूचं तापमान पाहून आकडा दुरुस्त करायचा असतो. राउंड नेहमी मॅगझिनमध्ये, म्हणजे दारूगोळ्याच्या थंड कोठारात असत. थर्मामीटर तिथेच टांगलेला. त्या दिवशीही तापमान तिथूनच फोनवर घेतलं होतं. राउंड मात्र सकाळपासून उन्हात शेकत होते.

हे सांगायचं कोणी? मी. एका ख्रिस्ती गायकवाडाच्या पोरीने, जी पूजेला आलीच नव्हती. शेडपर्यंतच्या वाटेवर मी वाक्य तीनदा मनात जुळवलं. एकदा इंग्रजीत, मग मराठीत, मग पुन्हा इंग्रजीत.

आपटे साहेब चहा घेत होते. त्यांनी ऐकून घेतलं. कप खाली ठेवला.

"मिस गायकवाड, तुम्हाला म्हणायचंय, पूजेमुळे तोफा नापास?"

"नाही सर. पूजेमुळे पास."

साहेब खुर्चीत पुढे सरकले.

"मी दिल्लीला फोन करून बसलोय. वॅगन बुक आहेत. आणि तुम्ही राउंडला हात लावून तापमान सांगता?"

"सर, उद्या सकाळी मॅगझिनमधले राउंड काढून लगेच उडवू. तोच आकडा आला तर चूक माझी."

"आणि प्रोबेशन कुणाचं?"

दारात शेळके उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मिसबाई, तुमच्यात नसंल खंडेनवमी. म्हनून आमच्या पूजेला नावं ठिवायची का?"

"नावं नाही ठेवत, हवालदारसाहेब." "तुम्ही जाणार तिथे आता थंडी पडेल. थंड राउंडने गोळा सावकाश जाईल. पेटी समजेल वेगात गेला. तो विमानाच्या मागे फुटेल. आणि विमान तुमच्यावर येईल."

शेळके आपटे साहेबांकडे वळले.

"साहेब, परत उडवा. तिकडं तोफंपाशी मी असनार, तुमी न्हाई."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. माझं खरं ठरलं तर तोफा अडकणार, खोटं ठरलं तर नोकरी. कशासाठी प्रार्थना करावी तेच कळेना.

सकाळी मॅगझिनमधून एकेक राउंड आणून उडवला. मी आकडे वाचत गेले. पहिल्या तिन्ही तोफांचे आकडे खाली आले. चौथीचा तर पास व्हायच्या मर्यादेच्याही खाली. या वेळी थाप कोणी मारली नाही.

"चौथी इथेच राहील," आपटे साहेब म्हणाले. "बाकीच्यांचा आजचा वेग प्रेडिक्टरला लावा." माझ्याकडे न बघता त्यांनी पुढे विचारलं, "वॅगन संध्याकाळपर्यंत थांबतील का, बघा."

चौथी तोफ शेळक्यांची लाडकी होती. तिला ते थोरली म्हणत. त्यांनी नळीवरची सुकलेली माळ काढली, खिशात घातली आणि वॅगनवर न्यायच्या दुसऱ्या तोफेला दोरखंड बांधायला गेले.

डिसेंबरात युद्ध झालं. उन्हाळ्याच्या तोंडावर शेळके परतले. माझ्या टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवला.

"पाडली का विमानं?" मी विचारलं.

"एकबी न्हाई. पन खाली उतरून बाँब टाकायची छाती एकाची झाली न्हाई. गोळे बराबर त्यांच्या तोंडापुढं फुटायचे." जरा थांबून म्हणाले, "थोरली कशी हाय?"

"गेटपाशी उभी आहे. रंग दिलाय."

पुढच्या खंडेनवमीला आपटे साहेबांनी लेखी ऑर्डर काढली. पूजेला रिकामे राउंड ठेवायचे, आणि उडवायच्या राउंडजवळच थर्मामीटर ठेवायचा. दोन्ही गोष्टी तंतोतंत पाळल्या गेल्या. मी तापमान घ्यायला गेले तर थर्मामीटरलाही हळदकुंकू लावलेलं होतं, नेमकं आकड्यांवर.

मी रुमालाने पुसलं आणि वाचलं.