दफनभूमीची वाट उसात गेली

मराठवाड्यातून पुण्या-मुंबईला येऊन राहिलेल्या माझ्या ख्रिस्ती भावाबहिणींनो, आपली सगळ्यांची एक तक्रार आहे. लग्नाच्या पंगतीत आणि उपासनेनंतरच्या चहावर आपण ती वर्षानुवर्षं करत आलो आहोत: आपल्याच गावात आपल्याला मरायची चोरी झाली आहे. दफनभूमी कागदावर आहे, पण तिथं पोचायला वाट नाही. गेल्या महिन्यात मी ती वाट शोधायला गेलो होतो. जे पाहिलं ते लिहितो आहे, आणि ते गोड लागणार नाही.

निमित्त मंगलताईचं. आमच्या वस्तीतली ही नर्स ऐन तिशीत मिशनच्या दवाखान्यात काम करायला आफ्रिकेत, मलावीला गेली आणि तिथलीच झाली. आता ती सुट्टीवर आली होती, कारण तिच्या आईनं, रूथमायनं, अंथरूण धरलं होतं. मायची मागणी एकच: मला नवऱ्याशेजारी पुरा. ही सोय लागल्याशिवाय ताईला परत जाता येत नव्हतं. तिनं मला फोन केला. "तुला भाषणं करता येतात. चल माझ्याबरोबर. कुणाशी तरी बोलावं लागणार आहे."

स्वारगेटहून सकाळची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, याचं ताईला भारी कौतुक. सोलापूरला पोचायला पाच तास धरा, पुढं हैदराबाद हायवेनं नळदुर्ग तासाभरावर. ढाब्यावर थांबणार नसाल तर सोलापुरातच कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घ्या. किल्ल्यातला धबधबा बघायचा तर पावसाळ्यातच या. आम्ही गेलो तेव्हा नुसता दगड होता.

गाडीत ताईला कंठ फुटला. "तिकडं मिनीबस भरल्याशिवाय हलत नाही बघ. भरली कधी म्हणायची? ड्रायव्हरच्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी बसली की!" दवाखान्यात पोर जन्मलं की घरचे जिवंत कोंबडी घेऊन येतात आणि ती ताईलाच धरून बसावं लागतं. तिच्या हातून जन्मलेल्या पोरींत चार मंगला आहेत. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे जमतात, ते बायका तव्यावर परततात. "मी आधी डोळे मिटून खाल्ले. नंतर वाटीभर मागून घेतले. फुटाण्यासारखे लागतात." चर्चमध्ये दानाच्या पेटीपर्यंत नाचत जायचं. गुडघे दुखतात म्हणून ही बसून राहिली, तर दोन म्हाताऱ्यांनी काखेत हात घालून हिला नाचवत नेलं.

मी हसत होतो. मग तिनं तिथल्या मयतीचं सांगितलं. गावात माणूस गेलं की त्या दिवशी शेतावर कुणी जात नाही. घराघरातून बायका पीठ आणि सरपण घेऊन येतात आणि दुःखाच्या घरी जमिनीवरच झोपतात. पुरुष आळीपाळीनं कबर खणतात. "वाटेत कुणाचा मका उभा असेल तर तो मालक स्वतः कापतो. त्याला कुणी सांगावं लागत नाही."

नळदुर्गहून रिक्षानं गावात पोचलो. रूथमाय भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"आलीस? मला वाटलं मयतीलाच येतीस."

"माय, काय बोलतीस हे?"

"मग काय गाणं म्हणू? तुझ्या बापाशेजारची जागा राखून ठिवलीय म्या. जायाला वाट न्हाय." मग माझ्याकडं बोट. "ह्यो कोण? भाषणवाला व्हय? लई बोलतो म्हणं. बोल की अप्पापुढं!"

अप्पा म्हणजे ज्यांच्या शेतातून ती वाट जायची ते शेतकरी. सकाळी आम्ही बांधावर जाऊन उभे राहिलो. पुढं डोक्यावरून उंच ऊस, पाण्यानं भरलेल्या सऱ्या, पायाला करकचून धरणारा काळा चिखल. दफनभूमी त्या पलीकडं. माझे आजोबा तिथं आहेत. ताईनं आत शिरायचा प्रयत्न केला. पाचटानं हात रक्ताळून परत आली. या चिखलातून शवपेटी न्यायची कशी?

ताई मलावीच्या रीतीनं अप्पांकडं गेली. तिथं काही मागायचं असेल तर पीठ घेऊन अंगणात बसतात आणि घरधनी विचारेपर्यंत तोंड उघडत नाहीत. ती ज्वारीचं पीठ घेऊन भुईवर बसली.

"बर्री, कूड्री," अप्पांनी कानडीत वर बसायला सांगितलं. "खाली का बसलीस, ताई? खुर्ची हाय की."

ती हलली नाही. मला मात्र राहवलं नाही. मी हक्क काढला, कायदा काढला, माणुसकी काढली. मेलेल्यांची वाट अडवणारं गाव जिवंत म्हणायचं कसं, असंही विचारलं. अप्पांनी मला पुरं बोलू दिलं.

"झालं? आता म्या इचारतो. तुमी तिकडं शेवटचं कवा गेलता, सायेब?"

मी मनात वर्षं मोजू लागलो.

"माझ्या बापानं दोन सऱ्यांची जागा सोडली व्हती. तुमच्या सणाला लोकं पहाटं गाणी म्हणत जायचे, आमी अंथरुणात पडून ऐकायचो. मग एकेक घर पुण्याला गेलं. गाणी बंद. गवात माजलं, म्या ऊस लावला. रूथमाय तेवढी येत ऱ्हायली. एकटीच्या पायानं वाट पडती व्हय?"

"मायला किती दिवस थांबायला सांगू, अप्पा?" ताईनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

अप्पांनी उसाकडं हात केला. "मार्च सरता तोडीला टोळी यील. मग खोडवा राखायचाय मला, त्याच बुडख्यांचं पुढचं पीक. त्या टायमाला माणसं चालताना दिसली तर दोन सऱ्या सोडीन. न्हाय दिसली तर तिथंबी पाणी सोडीन."

पीठ त्यांनी घेतलं नाही. चहा मात्र दिला.

मला हे बोलणं झोंबलं आणि अजून झोंबतं. जाण्यायेण्याची वाट कुणाच्या मेहरबानीवर नसते. तहसिलात अर्ज मी केला आहे आणि त्याच्या मागं लागणार आहे. पण अर्जावर सही माझी एकट्याची आहे, आणि कोणी विचारलं की वाट वापरतं कोण, तर उत्तर रूथमाय एवढंच आहे.

मी एकटाच पुण्याला परतलो. ताई थांबली. मलावीचा दवाखाना तिच्यावाचून चालला आहे, म्हणजे धड चाललेला नाही. तिथल्या बायकांनी फोनवर निरोप पाठवला, तो तिनं मला ऐकवला आणि मराठीत सांगितला: "तुझी आई कशी आहे? कबर खणायला तुमच्या गावात माणसं नाहीत का? आम्ही येऊ का?"

पुढचं भाषण मी करणार नाही. मोजकंच मागतो. ऊस तुटेल तेव्हाच ईस्टर, अप्पा म्हणाले तो पहाटेच्या गाण्यांचा सण, येतो आहे. पोरांना, म्हाताऱ्यांना घेऊन आदल्या दिवशी नळदुर्गला या, पहाटे उजाडायच्या आत आपल्या वस्तीवर जमा आणि त्या शेतातून दफनभूमीपर्यंत आमच्याबरोबर चाला. गाणी म्हणत चाला.