प्लॅस्टिकवर भरवसा नाही

दोन हजार सालानंतर कधीतरी आमच्या यजमानांनी जुनी जीप विकून वडापसाठी, म्हणजे वाटेतली माणसं भरून फेऱ्या मारायला, नवी गाडी घेतली. नारायणगाव ते डिंभे अशा त्यांच्या फेऱ्या असत. नव्या गाडीचं बॉनेट उघडलं तेव्हा इंजिन गार ठेवणारं पाणी नेणारी एक नळी त्यांना प्लॅस्टिकची दिसली. काळी, बोटभर जाड, वजनाला नाहीच म्हणावी अशी. जुन्या जीपला सगळ्या रबरी नळ्या होत्या.

"खेळण्यातली लावलीय," म्हणून त्यांनी नळीला टिचकी मारली.

काही महिन्यांनी त्यांनी ती चांगली असतानाच काढली, तिच्या जागी रबरी नळी घालायला. स्पेअर पार्टवाल्या मारवाडी शेठनी समजावलं, "भाऊ, ती वळणं मुद्दाम दिलेली असतात. ताठ राहते ती. तेवढ्या लांबीचं रबर लोंबेल."

"लोंबू द्या. फुटणार तर न्हाई."

मी माहेराहून, डिंभ्याहून, त्यांच्याच गाडीनं परतत होते. मागं माशांची पाटी घेतलेली एक बाई होती, मंचरच्या बाजाराला निघालेली. घोडेगावच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ आली. लोंबलेलं रबर फॅनच्या पट्ट्याला घासून कापलं होतं. पाणी सगळं रस्त्यावर.

बाकीची माणसं मागून आलेल्या जीपनं गेली. वासामुळे पाटी घ्यायला कुणी तयार होईना, म्हणून ती बाई राहिली. हे एका मोटरसायकलवर बसून नळी आणायला मंचरला गेले.

ऊन वाढत होतं. बाईनं पाटीवरचं ओलं पोतं चाचपलं आणि म्हणाली, "मासं काय थांबत न्हाई, ताई." तिनं पाटी रस्त्याकडेच्या चिंचेखाली मांडली आणि जवळच्या वस्तीकडे तोंड करून हाळी दिली. आधी दोघी आल्या, मग चुली सोडून बऱ्याच जणी आल्या. ती वजन करायची, मी पिशवी धरायची. हे परतले तेव्हा पाटीत नुसतं पोतं होतं.

त्यांच्या हातात प्लॅस्टिकची नळी होती. इंजिन निवल्यावर त्यांनी ती बसवली, वस्तीवरच्या विहिरीचं पाणी ओतलं.

"भाऊ, लई चांगली जागा हाय," बाई म्हणाली, "गाडी हितंच बंद पाडत जा."

ते हसले नाहीत. मला मात्र घरी पोचेपर्यंत हसू आवरावं लागलं.

पुढे ती मंचरला जाईनाशी झाली. त्या चिंचेपाशीच उतरायची, आणि हेही न सांगता तिथं गाडी थांबवायचे.