घरातलं तिकडचं कोण?

एका जागी बसणं माझ्या स्वभावातच नाही. त्या उन्हाळ्यात तर कहरच झाला. चूल पेटवायची, अंगणात यायचं, रस्त्याकडे बघायचं, पुन्हा आत जायचं, आणि तोवर चहा उतू गेलेला असायचा. लेक म्हणायची, "आई, बस नं वं जराशी. काऊन अशी फिरून राह्यली?" बसणार कशी? घरातल्या एका माणसाला राज्य बदलावं लागणार होतं, आणि ते कोणी बदलायचं हे काही केल्या ठरत नव्हतं.

पहाडाखालच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. मी स्वतः सिंदेवाहीकडची, धानाच्या मुलखातली. लग्न होऊन जिवतीच्या पहाडावर आले तेव्हा मलाही यातलं काही ठाऊक नव्हतं. आमचं गाव दोन राज्यांच्या भांडणात सापडलेलं आहे. महाराष्ट्र म्हणतो गाव माझं. पलीकडचे म्हणतात आमचं, पूर्वी आंध्र म्हणायचा, आता तेलंगणा म्हणतो. त्यामुळे गावात सगळं दोन-दोन. एक मराठी शाळा, एक तेलुगू शाळा, मधे फक्त रस्ता. दोन सरपंच, दोन रेशन दुकानं. आणि मतदानाची कार्डंसुद्धा माणशी दोन. एक इकडच्या राजुरा मतदारसंघाचं, एक तिकडचं. दिल्लीत बसून कोणी म्हणेल, हे कायद्यात बसत नाही. नसेल बसत. आम्हाला काय विचारून सीमा आखली होती?

दोन्हीकडची निवडणूक वेगवेगळ्या दिवशी आली तर सगळं गाव दोन्हीकडे जायचं. एकाच दिवशी आली तर मात्र घर वाटलं जायचं. आदल्या संध्याकाळी जेवताना घरातलं मोठं माणूस विचारायचं, "आपल्या घरचं तिकडचं कोण?" कोणीतरी तिकडे जायलाच हवं. घरातून एकही मत गेलं नाही तर तिकडच्या पुढाऱ्याच्या बरोबर लक्षात राहायचं, आणि पुढचा हातपंप दुसऱ्या आळीत बसायचा. आमच्या घरी तिकडची म्हणजे माझी सासू. ती गेल्यावर ते काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्याच वेळी मी फजिती करून घेतली. कार्ड इकडचं आणि रांग तिकडची. चांगली तळपत्या उन्हात उभी राहिले. माझी पाळी आली तर समोरचा साहेब तेलुगूत काहीतरी बोलला. मी म्हटलं, "भाऊ, नाव तं बरोबर लिहिलं हाय, पाहा नं नीट." त्यानं कार्ड उलटं केलं, सुलटं केलं आणि हसत रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. अख्खी रांग हसली. माझे सासरे, मामाजी, समोरच्या रांगेत होते. ते तर खालीच बसले हसून हसून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "हसता काय, बोर्ड मोठा लावाचा नं मंग." पुढं कितीतरी दिवस गावातल्या बाया मला विचारायच्या, आज कोणत्या राज्यात हाय वं तू.

मामाजी स्वतः कधीच तिकडच्या रांगेत उभे राहिले नाहीत. दोन्ही निवडणुका वेगळ्या दिवशी असल्या तरी नाही. तरणे असताना ते पहाडावर आले, उतारावरचं रान साफ केलं, दगड वेचून वेचून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर टाकले, वावर केलं. पऱ्हाटी आणि तूर पेरली. आणि मत दिलं ते इकडे. राजुऱ्याच्या मतदारसंघाचा इतिहास कोणाला हवा असेल तर आमच्या ओट्यावर यावं, असं मी नेहमी म्हणायची. त्यांना सालं आठवत नसत, उमेदवारांची नावंही ते घेत नसत. त्यांची मोजायची रीत वेगळी. बैलबंडीची निवडणूक म्हणजे उमेदवार बैलबंडीतून पहाड चढून आला होता ती. हातपंपाची निवडणूक. डांबराची निवडणूक, त्यात डांबर घाटाच्या पायथ्याशीच संपलं. विजेच्या खांबांची निवडणूक, तेव्हा खांब आले आणि तार पुढच्या निवडणुकीत आली. मोबाइलच्या टॉवरची निवडणूक, तिचा टॉवर अजून यायचाय. कोण पडला, कोण पक्ष बदलून परत आला, कोणाच्या सभेत शेंगदाणे वाटले, सगळं तोंडपाठ. मी चिडवायची, "मामाजी, तुमी ज्याले देता तो पडतेच." ते म्हणायचे, "पडू दे. मी देल्लं होतं हे त्याले मालूम हाय." मला हसू यायचं आणि थोडा रागही यायचा. एवढ्या वर्षांत त्या माणसाला त्या मतानं काय दिलं, ना रस्ता ना टॉवर. पण मतदानाच्या दिवशी त्यांचं धोतर आदल्या दिवशी धुतलेलंच पाहिजे.

आणि मग फर्मान आलं की आता दोन कार्डं चालणार नाहीत. प्रत्येकानं एकच राज्य ठेवायचं, दुसरीकडचं नाव कमी करायचं. मराठी शाळेत शिबिर लागलं. गाव हादरलं, पण आमच्या घरात जास्त हादरलं, त्याला कारण वावर. इकडच्या दप्तरी आमचं वावर म्हणजे अजून जंगल. जमिनीचा पट्टा दिला तो तिकडच्यांनी, मामाजींच्या नावानं. आणि तिकडच्या साहेबानं स्पष्ट सांगितलं होतं, पट्टा चालू ठेवायचा तर घरातलं एक माणूस आमचा मतदार पाहिजे, पक्कं, फक्त आमच्याकडचं.

जेवताना विचारायचा तोच प्रश्न, पण आता एका दिवसापुरता नव्हता.

नवरा सूरजागडला लोहखनिजाचा ट्रक चालवतो. त्याला कामावर घेतलं तेच इकडचा रहिवासी म्हणून. मी अंगणवाडीत मदतनीस, ती अंगणवाडी इकडची. आणि लेक. लेकीनं बारावी चांगल्या मार्कांनी केली होती, तिला चंद्रपूरला नर्सिंगला जायचं होतं. प्रवेशाला रहिवासी दाखला लागतो, इकडचा. तिला ते सुचलं होतं कधी, तर माझ्या नणंदेच्या बाळंतपणाला गाडी पहाड उतरेपर्यंत जे हाल झाले ते बघून. तेव्हापासून तिच्या तोंडी दुसरा विषय नाही.

गावानं सल्ले दिले. सल्ल्यांना काय तोटा! शेजारची बाई मोठ्या मायेनं येऊन बसली आणि म्हणाली, "पोरीचंच नाव टाकून द्या तिकडं. तसंही लगन झालं का जाचंच हाय तिले." मी तिच्या हातातला चहाचा कप काढून घेतला नाही हेच नशीब. म्हटलं, "तुमच्या पोराचं टाका नं मंग. त्याले तं कुठीच जाचं नाई, कामावरबी नाई." ती उठून गेली. अजून बोलत नाही, न बोलो.

पण ते लेकीनं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी भाकरी थापत होते तर मागून येऊन म्हणाली, "आई, माह्यं टाका. आबाजीचं वावर जाऊन नाई चालत." आवाज अगदी साधा. अठरा वर्षांची पोर, पहिलं मतही दिलं नाही अजून, आणि वावरासाठी स्वतःला नावासकट देऊन टाकायला निघाली. तवा तसाच टाकून मी अंगणात गेले, आत आले, परत अंगणात गेले. म्हटलं, मीच तिकडची होते. जाऊ दे अंगणवाडी. टेकाडावर रेंज येते, तिथून नवऱ्याला फोन लावला; तो म्हणाला, घाई करू नको, मी येतो. तो कधी येणार, आणि शिबिर काय त्याच्यासाठी थांबणार होतं?

मामाजी ओट्यावर बसून दोर वळत होते. मान वर न करता म्हणाले, "माह्यंच टाका तिकडं. तिकडची पेन्शन जास्त हाय."

पेन्शन! या माणसानं कधी स्वतःसाठी नवीन चप्पल मागितली नाही. माझं डोकंच फिरलं. "मामाजी, मले येडी समजता काय? तुमाले पेन्शनचं काय कराचं हाय? आतापर्यंत एकदा तरी त्या रांगेत उभे राह्यले काय तुमी?"

"मंग आता राहीन."

"अन् इकडचं? ज्याच्यासाठी धोतर धुवाले लावता, ते?"

त्यांनी दोर खाली ठेवला. "बाई," ते म्हणाले, "मी आता किती डाव मत टाकीन? पोरीले अख्खी जिंदगी टाकाचं हाय." मग हळूच म्हणाले, "अन् तिले म्हनू नको मी काऊन टाकलं ते. पेन्शन म्हन."

मी आत गेले आणि उगीचच भांडी आपटली. लेक काय समजायचं ते समजली. शिबिरात मामाजींनी अंगठा लावला, साहेबानं त्यांचं इकडचं कार्ड काढून घेतलं, दुसरा माणूस पुढं आला. एवढंच. मला वाटलं होतं निदान कोणी का म्हणून विचारेल तरी.

इकडच्या मतदानाच्या दिवशी सकाळपासून ऊन मी म्हणत होतं. मी मामाजींना सांगितलं, घरीच बसा, तुमाले काय काम तिथी. मी केस विंचरून बाहेर आले तर ते धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून अंगणात उभे. लेकीचं कार्ड त्यांच्याच हातात. रस्ताभर तिला सांगत होते, शाई लावतानी हात हलवू नको, बटन दाबलं का आवाज होतेपावतर थांब, कोनाले देल्लं ते आईलेबी सांगू नको. लेक हो हो करत होती. मी पुढं चालत होते, भराभर, कारण मागं राहिले असते तर काहीतरी वेडंवाकडं बोलून गेले असते.

मराठी शाळेच्या फाटकाशी बंदोबस्ताला बाहेरगावचा एक पोलीस होता. तरणा, मायाळू तोंडाचा. म्हाताऱ्या माणसाला उन्हात बघून तो स्वतःच पुढं आला आणि मामाजींच्या कोपराला धरून म्हणाला, "या बाबा, तुम्हाला रांगेत उभं राहायचं नाही. सरळ आत चला."

मामाजींनी लेकीचं कार्ड तिच्या हातात दिलं आणि त्याच्या हातातून आपला हात अलगद सोडवून घेतला.

"नाई साहेब," ते म्हणाले. "नातीले सोडाले आलो. मी पाहुना आहो इथी."