आप्पांना ऐकू येणारी एकच गाडी

ही हकिकत सांगण्याआधी माझी एक अट आहे. वाचून झाल्यावर कुणी मला लिंबू, उतारा, शांत असलं काही सुचवायचं नाही. मी तेव्हाही या गोष्टी मानत नव्हते, आजही मानत नाही. पण जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं, आणि ते झालंच नाही असं मी म्हणणार नाही.

आम्ही मूळचे अमळनेरकडचे. सुरतेला नवागाममध्ये आमचं दोन खोल्यांचं घर, पुढे पत्र्याची शेड. माझे वडील — आप्पा — पॉवरलूमच्या कारखान्यात मास्टर होते, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. साठ लूम एकदम धडधडत असताना त्यातला नेमका कुठला चुकतोय, हे ते नुसत्या आवाजावरून सांगायचे. वीस वर्षं त्या खडखडाटात काढली आणि त्यांचे कान गेले. थोडे नाही, पार गेले. दारात सुतळी बॉम्ब फुटला तरी मान वळत नसे. कान गेले तशी मास्टरकीही गेली. चौऱ्याण्णवला सुरतेत प्लेग येऊन गेला त्याच्या पुढच्या वर्षी ते घरी बसले. मी तेव्हा बीकॉमच्या पहिल्या वर्षाला होते.

बसले म्हणजे काय... पंधरा दिवसांत त्यांनी शेडमध्ये पान्यांचा डबा मांडला. गल्लीतल्या मोपेड, स्कूटर यायला लागल्या. आप्पा इंजिनावर तळहात ठेवून दुखणं ओळखायचे आणि आवाज कसा येतोय ते मी त्यांना खुणांनी सांगायचे. सकाळी सात ते साडेदहा कॉलेज, बारा ते सहा सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवणाऱ्या एका डाइंग युनिटच्या ऑफिसात टायपिंग, आणि संध्याकाळी शेड. वहीवर ग्रीसचे डाग, टाईप केलेल्या पत्रांवर ग्रीसचे डाग. मुलीने गाडी चालवण्याचं सुरतेत कुणाला नवल नव्हतं. मुलीने गाडी उघडण्याचं मात्र होतं. असू दे म्हटलं.

मला सचिनला जायला स्वतःची गाडी हवी होती. उधन्याच्या एका भंगारवाल्याकडून आम्ही हिरव्या रंगाची, गिअरची जुनी स्कूटर आणली. तिचा मालक कोण होता ते त्यालाही ठाऊक नव्हतं. चार महिने लागले. परीक्षा आली की काम थांबायचं, ऑफिसात ओव्हरटाईम आला की थांबायचं. शेवटी एका रविवारी सकाळी मी किक मारली. सातव्या किकला इंजिन धरलं.

आप्पा आत भिंतीकडे तोंड करून चहा पीत होते. कप तसाच हातात घेऊन ते बाहेर आले.

"हाई कोनी गाडी शे?" त्यांनी विचारलं. कोणाची गाडी आहे ही?

आईच्या हातातलं पातेलं खाली पडलं, त्याचा एवढा मोठा आवाज झाला... आप्पांनी तिकडे बघितलंही नाही. त्यांचे डोळे स्कूटरवर होते, आणि भरून आले होते.

मला पहिला संशय आला तो जमिनीच्या थरथरीचा. तळहाताने इंजिन ओळखणाऱ्या माणसाला पायांनीही कळू शकतं. म्हणून मी त्यांना घराच्या मागे, खाटेवर, गादीवर पाय वर घेऊन बसवलं. स्पेअर पार्टचं दुकान चालवणारे आमचे मुकेशभाई तशाच मॉडेलची स्वतःची स्कूटर घेऊन आले. आधी त्यांची चालू केली. आप्पा ढिम्म. मग आमची चालू केली. मागून आप्पांची हाक आली, "आते आपली!" पाच वेळा उलटसुलट करून पाहिलं, पाचही वेळा बरोबर.

मुकेशभाई डोकं खाजवत म्हणाले, "अवाज तो बन्नेनो सरखो ज छे, बेन." दोघींचा आवाज सारखाच आहे. मलाही सारखाच वाटत होता.

कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणीच्या खोलीत आप्पांना एकही आवाज आला नाही. मी खाली जाऊन गाडी चालू केली, तर आप्पा हसून खिडकीकडे बोट दाखवायला लागले. डॉक्टर म्हणाले, "सवयीचा भाग असतो, मनाला वाटतं." मी विचारलं, "सवय कसली? गाडी चालू होऊन महिनाच झालाय." त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

आणि मग अंतराचा प्रकार सुरू झाला. रोज संध्याकाळी आप्पा आईला म्हणायचे, "चहा ठेव, पोरगी निंघनी." त्यानंतर अर्ध्या तासाने मी घरी पोचायचे. आईला घड्याळ बघून वेळ लिहून ठेवायला सांगितलं. मी ऑफिसच्या गेटवर किक मारल्याची वेळ हातावर लिहायचे. मुद्दाम कधी लवकर सुटी मागून सव्वापाचला निघाले, कधी सात वाजता. एका मिनिटाचाही फरक निघत नव्हता... सचिन आमच्या घरापासून बारा किलोमीटर. मध्ये रेल्वे, हायवे, शेकडो कारखाने.

मग तो मंगळवार. मी सचिनहून निघाले होते, ऊन अजून होतं. भेस्तानच्या अलीकडे एकदम गाडीचा जोर गेला. मूठ पिळली तर नुसती सैल फिरली. ॲक्सिलरेटरची वायर तुटली होती. इंजिन बंद नव्हतं पडलं, हळू आवाजात भकभक करत होतं. मी ते बंद केलं आणि गाडी ढकलायला लागले. वीस-पंचवीस मिनिटं ढकलली असेल. ओढणी घामाने भिजली, ट्रकवाले हॉर्न मारून जात होते. समोरून एक शटल रिक्षा आली आणि पलीकडे थांबली.

आप्पा उतरले. पायात चप्पल नाही. हातात गुंडाळलेली नवी वायर.

ॲक्सिलरेटरची. क्लचची नाही, ब्रेकची नाही. शेडमध्ये खिळ्यावर तिन्ही शेजारी शेजारी टांगलेल्या असायच्या.

मी हातानेच विचारलं — कसं कळलं?

"आवाज एकदम खाले बसना, पन बंद नही व्हयना," ते अगदी साधेपणाने म्हणाले. आवाज खाली बसला, पण बंद नाही पडला. "मंग वायरच तुटनी. लई उनू." म्हणजे वायरच तुटली, घेऊन आलो.

आणि रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून त्यांनी वायर टाकायला घेतली. मी पाना देत गेले. काय करणार होते दुसरं?

आप्पा अनवाणी धावत गेल्याचं गल्लीने पाहिलं होतं. शेजारच्या विमलकाकू, जालन्याच्या, आईला म्हणाल्या, "बाई, मेल्या माणसाची गाडी हाय ती. तुमच्या मालकाला बोलवायलीय." दोन दिवसांत सगळ्या नवागामला माहीत झालं. नेमकं त्याच वेळी धुळ्याचं एक स्थळ मला बघून गेलं होतं, होकार जवळजवळ आलेला. त्यांच्या कानावर गेलं. निरोप आला — ती गाडी घरातून गेली तरच पुढचं बोलू.

"इकी टाक ती गाडी, ज्योती," आई रडत म्हणाली.

"आणि आप्पांचं काय?" मी विचारलं. "त्यांना जगात एकच आवाज येतो. तोही विकू?"

आईने ऐकलं नाही. रविवारी दुपारी मामा नंदुरबारहून एका भगताला घेऊन आले. भगताने स्कूटरभोवती फेऱ्या मारल्या, हँडलवर लिंबू ठेवलं आणि सांगितलं की, गाडीत कुणीतरी बसलंय, ते आधी या माणसाला नेईल, मग पोरीला. शेडबाहेर पन्नास माणसं जमली होती. मी लिंबू उचलून गटारात टाकलं. मामा माझ्या अंगावर ओरडले, मीही ओरडले. आप्पा आमच्या ओठांकडे बघत होते. कुणी त्यांना काही विचारलंच नव्हतं!

ते उठले आणि सीटवर हात ठेवून उभे राहिले. बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज किती मोठा आहे ते कळत नाही... सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

"वीस वरीस मशिनीस्नी मना कान खादात! तवय कोन्ही भगत उना नही. आते एक मशीन थोडंसं परत दी ऱ्हायनी, ते तुमनं काय जास?"

वीस वर्षं मशिनींनी माझे कान खाल्ले, तेव्हा कुणी भगत आला नाही. आता एक मशीन थोडंसं परत देतेय, तर तुमचं काय जातं? त्या गर्दीत निम्मे लोक लूमवरचेच होते. निम्म्यांना हाक दोनदा मारावी लागायची. एकेक जण खाली मान घालून निघून गेला. मामांनी संध्याकाळची गाडी पकडली.

धुळ्याचं स्थळ गेलं. गेलं तर गेलं. तीन वर्षांनी लग्न झालं तेही सुरतेतच, आणि गाडीबद्दल सगळं आधी सांगून.

पुढे ते इंजिन खूप धूर करायला लागलं. मुकेशभाई प्रत्येक भेटीत इंजिन उघडून सिलिंडरला बोअर करून घे म्हणायचे, सिग्नलला लोक नाकाला रुमाल लावायचे. मी जगाची इंजिनं उघडली, पण ते उघडलं नाही. आत हात लावला आणि आप्पांना येणारा तो आवाज गेला तर? धूर सोडत नऊ वर्षं चालवली. कुणाला शरम वाटत असेल तर त्याने दुसरीकडे बघावं, मला वाटली नाही.

आप्पा गेले त्यानंतर दोन महिन्यांनी, एका दुपारी, मी ते इंजिन पूर्ण उघडलं. एकेक भाग रॉकेलने धुऊन वर्तमानपत्रावर मांडला. झिजलेला पिस्टन, चिकटलेल्या रिंगा, काजळी. कुठल्याही जुन्या स्कूटरमध्ये निघतं तेच. मी पुन्हा सगळं जोडलं, किक मारली आणि शेडमध्ये डोळे मिटून उभी राहिले. बराच वेळ ऐकत राहिले. स्कूटरचा आवाज येत होता. दुसरं काहीही नाही.